अर्जात न लिहिलेलं वाक्य

सरकारी कागदावर माझा भारी विश्वास होता. असणारच! बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत मी आवक-जावकच्या टेबलावर बसायचे. आलेल्या कागदावर गोल शिक्का मारायचा, रजिस्टरात नोंद करायची, क्रमांक घालायचा आणि ज्याच्या त्याच्या टेबलाला पाठवायचा, हे माझं काम. समोर हेलपाटे घालून दमलेला माणूस उभा असायचा आणि मी त्याला ठणकावून सांगायचे, "काका, क्रमांक पडलाय ना? मग झालं. आता तुमचा कागद कुठे जात नाही." हे मी इतक्या लोकांना सांगितलं की शेवटी माझाच त्यावर विश्वास बसला. या खुळचटपणापायी माझ्या मुलीचे दोन महिने फुकट गेले. पण ते नंतर. आधी काय झालं ते सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेरूळला आमच्या सोसायटीत सगळेच नवे. कुणी गिरगावातून आलेलं, कुणी चिपळूणहून, आम्ही कऱ्हाडचे. दोघं नोकरीला जाणारी जोडपी आणि घरात म्हातारं माणूस नाही, ही सगळ्यांचीच रड. त्यामुळे तळमजल्यावर एका बाईंनी पाळणाघर काढलं तेव्हा आम्हा बायकांना हायसं वाटलं. पाळणाघर म्हणजे काय, त्यांचंच वन रूम किचन, दारावर रंगवलेला ससा, आत दोन सतरंज्या आणि आठ-नऊ पोरं. बाई पन्नाशीच्या. नीटनेटक्या, इस्त्रीची सुती साडी, सोसायटीच्या हळदीकुंकवात पुढे पुढे करणाऱ्या. सगळ्या त्यांना काकू म्हणायच्या, मीही म्हणायचे. परवाना आहे का, मदतीला कोण आहे, पोरांना झोपवता कुठे, असलं काहीही मी विचारलं नाही. भाजी घेताना मी टोमॅटो उलटसुलट करून बघते, आणि इथे पोर ठेवून आले तर आत वाकूनसुद्धा पाहिलं नाही. आता आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. मार्चच्या मध्यावर एका संध्याकाळी तिला आणायला गेले तर तिच्या डाव्या हाताला, मनगटाच्या जरा वर, लालभडक चट्टा. काकू माझ्याआधीच बोलल्या. "अहो, इस्त्रीला हात लावला हो हिने! किती सांगितलं, तिकडे जाऊ नको, जाऊ नको. भारी अवखळ आहे बाई तुमची मुलगी." मी ओशाळले. चक्क त्यांची माफी मागितली. घरी येऊन मलम लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच सोडून ऑफिसला गेले. मार्च एंड होता. त्या दिवसांत रजा मागितली असती तर साहेबांनी मला टेबलासकट उचलून बाहेर ठेवलं असतं. मुलगी त्या संध्याकाळी काही बोलली नाही, असं मी पुढे जिथे जिथे लिहून द्यायची वेळ आली तिथे तिथे लिहिलं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी एक रविवार आला. मी भाजी निवडत होते आणि मुलगी समोर भातुकली मांडून बसली होती. बाहुलीला झोपवलं, उठवलं, तिची चड्डी चाचपली. मग भातुकलीतलं उलथनं खोट्या चुलीवर धरलं, जरा वेळ थांबली आणि ते बाहुलीच्या पायाला टेकवून म्हणाली, "परत ओली करशील गादी? करशील परत? गप. रडायचं नाही." आवाज हुबेहूब काकूंचा. हेलसुद्धा तोच.

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. मी तिला जवळ ओढून परकर वर केला. उजव्या पोटरीच्या मागे चट्टा होता, उलथन्याच्या टोकाएवढा, कडा अगदी सरळ. आदल्या दिवसाचा असावा. पोटरीच्या मागे कोण इस्त्री लावून घेतं हो? मी विचारलं, "काकूंनी केलं?" ती बाहुली उचलून आतल्या खोलीत गेली.

मी तशीच तळमजल्यावर गेले. काकूंनी दार अर्धवट उघडलं. "काय बाई आरोप करता! दहा पोरं सांभाळते, एकीची तक्रार नाही. पडली असेल कुठेतरी. आणि गादी ओली करते ना रोज, ते नाही सांगत तुम्ही कुणाला." गादीचं मी काढलंच नव्हतं. शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून निसटलं आणि त्यांनाही ते कळलं. दार लावून घेतलं. मी बाहेर उभी, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

त्यातल्या त्यात एक शहाणपणाचं काम नवऱ्याने केलं. तो तिला तडक आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर खमके. त्यांनी फूटपट्टी घेऊन दोन्ही चट्टे मोजले, केसपेपरवर लांबी, रुंदी, तारीख लिहिली आणि "गरम धातूने भाजल्यासारखं" असं लिहून सही ठोकली. म्हणाले, हा कागद जपा. जपलाच. कागद जपण्यात मी कुणाला हार जाणारी नाही.

मुलीला अर्थातच तिथे पाठवणं बंद केलं. नवऱ्याने कंपनीत पाळी बदलून घेतली आणि उरलेल्या तासांसाठी मी बिनपगारी रजा घ्यायला लागले. साहेबांनी चेहरा असा केला की जणू चटका त्यांनाच बसलाय. पण तळमजल्यावर अजून सात-आठ पोरं होती. मी त्यांच्या आयांना एकेकीला गाठून सांगितलं. दोघींनी काढली पोरं. बाकीच्या म्हणाल्या, "खरं असेल गं, पण मग ठेवू कुठे?" मला त्यांचा राग आला आणि राग धरताही येईना, कारण दोन आठवड्यांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

मग सोसायटीची मीटिंग. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी, गच्चीची गळती, पार्किंगचे पट्टे, आणि सगळ्यात शेवटी 'ऐन वेळचे विषय'. माझ्या मुलीला चटके दिले हा ऐन वेळचा विषय! टाकीवर दीड तास भांडण झालं, मग सेक्रेटरी घड्याळाकडे बघत म्हणाले, "वहिनी, तुमचं थोडक्यात घ्या." मी थोडक्यात घेतलं. ते म्हणाले, "घरातलं प्रकरण घरात मिटवूया. उगाच सोसायटीचं नाव खराब." मी म्हटलं, "कुणाच्या घरातलं? माझ्या की त्यांच्या?" कुणीतरी हसलं. इतिवृत्तात आलं, 'सदर विषयी चर्चा झाली. उभयतांनी सामंजस्याने घ्यावे असे ठरले.' उभयतांनी म्हणजे भाजणारीने आणि भाजलेल्या चार वर्षांच्या पोरीने. डोकं फिरलं माझं.

तेव्हा मी ठरवलं, पोलिसांत जायचं. आणि इथे मी तो पराक्रम केला.

दुसरी कुणी बाई असती तर मुलीला कडेवर घेऊन, केस विस्कटलेले, ठाण्यात जाऊन आरडाओरडा केला असता. ती शहाणी ठरली असती. मी काय केलं? मी ऑफिसच्या टाइपरायटरवर अर्ज टाइप केला. तीन प्रतींत. वर 'प्रति', खाली 'विषय', त्याखाली 'महोदय', शेवटी 'तरी याबाबत योग्य ती कार्यवाही होण्यास विनंती आहे', आणि डावीकडे 'सोबत: वैद्यकीय कागदाची झेरॉक्स'. इतका देखणा अर्ज त्या ठाण्यात कुणी दिला नसेल. टेबलावरच्या हवालदारांनी तो वरून खाली वाचला, खूश झाले, माझ्याकडे राहणाऱ्या स्थळप्रतीवर गोल शिक्का मारून आवक क्रमांक घातला. माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "क्रमांक पडला. आता होईल."

तो म्हणाला, "मुलीला काही विचारलं त्यांनी?"

"अरे, विचारतील ना. कागद आधी टेबलावर तर जाऊ दे."

तीन आठवडे मी वाट पाहिली. मग स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं. संदर्भात आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक. आणखी तीन आठवड्यांनी स्मरणपत्र क्रमांक दोन, 'अद्यापपर्यंत उत्तर अप्राप्त' असं अधोरेखित करून. आमच्या कचेरीत 'अप्राप्त' या शब्दाला लोक घाबरतात. पोलीस ठाण्यात घाबरत नाहीत. शेवटी मी स्वतः गेले तेव्हा तेच हवालदार म्हणाले, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. अर्ज चौकशीवर आहे." चौकशी कोण करतंय? साहेब बंदोबस्ताला. मी जागची हलेना तेव्हा त्यांनी एका पावतीबुकावर चार ओळी खरडून एक चिटोरं दिलं. 'एन.सी.' म्हणजे अदखलपात्र. हाताने मारहाण, किरकोळ, पोलीस तपास नाही, कोर्टात दाद मागावी. मी म्हटलं, "हाताने कुठे? गरम उलथन्याने!" ते म्हणाले, "ते अर्जात खाली कुठेतरी असेल."

होतं. चौथ्या परिच्छेदात.

एव्हाना चट्ट्यावरची खपली पडून तिथे गुलाबी कातडी आली होती. दोन महिने माझा कागद रांगेत उभा होता आणि पुरावा मुलीच्या अंगावरून पुसला जात होता. सरकारी दवाखान्यातून तपासणीचा कागद आणावा म्हणून गेले तर ते म्हणाले पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले दवाखान्याचा कागद आणा. या दोन खिडक्यांमध्ये मी चार दिवस हेलपाटे घातले आणि शेवटी कपाळावर हात मारून घेतला.

ऑफिसातल्या एका शिपायाने मला आपल्या गावच्या वकीलबाईंकडे नेलं. खाडीकाठच्या जुन्या गावातल्या. वडिलांची शेती आणि मिठागर नव्या शहरात गेलेलं, त्यामुळे या बहुतेक जमिनीच्या मोबदल्याचे दावे लढायच्या. खालच्या मजल्यावर त्यांच्या भावाचं सिमेंटचं दुकान, वर यांचं ऑफिस, आणि बोलण्यात गाव तसंच ठेवलेलं. मी माझी फाइल त्यांच्यापुढे ठेवली. टॅग लावलेली, पानांना क्रमांक, वर अनुक्रमणिका. त्यांनी पहिला अर्ज वाचला, पहिलं स्मरणपत्र वाचलं, दुसरं वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या.

"बाय, तुमी पोलिसांना पत्रं लिवता? ते काय तुमचे पावने हायत?"

मला संताप आला. मग त्यांचं हसू थांबलं आणि त्यांनी मला जे समजावलं, ते मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. "अर्ज म्हंजे अर्ज. तो टेबलावर पडून ऱ्हातो. फिर्याद येगली. तिथं उभं ऱ्हायचं, तोंडानं सांगायचं, त्यांनी लिवून घ्यायचं, तुमाला वाचून दावायचं, मंग तुमची सही, आन् त्याची नक्कल फुकट तुमच्या हातात. नुसता हात उचलला तर एन.सी. होते. पन गरम वस्तूनं भाजलं का कलम बदलतं. तीनशे चोवीस. मंग त्यांना गुन्हा घ्यायलाच लागतो. नाय घेतला तर हेच सगलं लिवून वरच्या सायबाला रजिस्टर पोस्टानं धाडायचं. तरी नाय झालं तर सरल मॅजिस्ट्रेटपुढं खाजगी फिर्याद. तिथं पोलिसांची गरजच नाय."

मी विचारलं, मुलांसाठी म्हणून काही वेगळा कायदा नाही का? "हाय ना. ज्याच्या ताब्यात पोर, त्यानंच छल केला तर शिक्षा हाय. पन त्याच्यासाठी आधी सरकारची मंजुरी आना." मी म्हटलं, "सरकारची मंजुरी कशी येते ते मला माहीत आहे हो. मीच शिक्का मारते." त्या पुन्हा हसल्या. ग्राहक मंचाचंही त्यांनी सांगितलं. पाळणाघर ही पैसे घेऊन दिलेली सेवा, त्यात हयगय केली तर ठाणे शहरातल्या मंचात तक्रार करता येते, वकीलसुद्धा लागत नाही. आणि नुकसानभरपाईचा दिवाणी दावा? "करा की. पोरीच्या लग्नापरेंत निकाल लागंल." परवाना रद्द करायला कुणाला सांगायचं, असं मी विचारलं तर त्यांनी हातच हलवले. रद्द करायला आधी असायला लागतो. पानाच्या टपरीला परवाना लागतो, वडापावच्या गाडीला लागतो. लोकांची तान्ही पोरं दिवसभर कोंडून ठेवायला काहीही लागत नव्हतं.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "मना आता खरं सांगा. तुमाला काय पायजे?"

मी म्हटलं, "माझ्या मुलीचं म्हणणं कुणीतरी लिहून घ्यावं. बस. इतकी माणसं झाली, कुणी तिला एक प्रश्न विचारलेला नाही. तिने सांगावं आणि कुणीतरी म्हणावं, हो, हे झालं."

"आन् पयल्या चटक्याच्या वेली पोर काय बोलली?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी तसंच लिहून घेतलं.

ठाण्यात फिर्याद घेईनात, तेव्हा सगळं लिहून वरच्या साहेबांना धाडलं, आणि रजिस्टर पोस्टाची जादू मी मान्य करते. दहाव्या दिवशी तेच हवालदार आमच्या दारात, हातात टोपी. "मॅडम, तुम्ही आम्हाला आधी सांगायचं ना." आधी! मी दात आवळून पाणी दिलं. फिर्याद घेतली, वाचून दाखवली, नक्कल दिली. मग पंचनामा. काकूंच्या स्वयंपाकघरातून उलथनं जप्त करायचं तर दोन पंच हवेत. टाकीवर दीड तास भांडणाऱ्या सोसायटीतला एकही वाघ खाली येईना. एकाचं बी.पी. वाढलं, एकाच्या घरी पाहुणे आले. शेवटी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला भैया आला आणि समोरच्या गिरणीतले काका. भैयाने मुलीच्या हातावरचा डाग पाहिला आणि न विचारताच बोलला, "साब, बीस साल से प्रेस करता हूं. प्रेस का दाग ऐसा नहीं होता." हे त्याने पुढे कोर्टातही तितक्याच ठामपणे सांगितलं. अख्ख्या प्रकरणात ज्यांच्यापुढे मला हात जोडावेसे वाटले त्यांत तो वरच्या नंबरावर.

आरोपपत्र गेल्यावर काकूंचं पाळणाघर ओस पडलं आणि त्या घर भाड्याने देऊन दुसरीकडे राहायला गेल्या. त्यानंतर तारखा. तारखांबद्दल काय सांगू? साहेब रजेवर, आरोपीचे वकील आजारी, समन्स बजावलं नाही, टायपिस्ट नाही, वीज नाही. प्रत्येक तारखेला मी मुलीला शाळा बुडवून, वेणी घालून, डबा घेऊन वाशीच्या कोर्टात न्यायचे आणि बाकावर बसवून परत आणायचे. तिला वाटायला लागलं, कोर्ट म्हणजे डबा खायची जागा. असं करता करता तीन वर्षं गेली. जी चड्डीत शू करायची ती दुसरीत गेली आणि पाढे म्हणायला लागली.

शेवटी एकदाची साक्ष निघाली. आधी माझी. केस आता सरकारची होती, म्हणून सरकारी वकील विचारत होते आणि आमच्या वकीलबाई मागे बसून ऐकत होत्या. मी शपथ घेतली. सगळं सांगितलं. "पहिल्या जखमेच्या वेळी मुलगी काही बोलली का?" "नाही." टायपिस्टने ते टाइप केलं. खटखट, खटखट, आणि पुढच्या ओळीवर.

मग मुलगी. मॅजिस्ट्रेट साहेब चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे, वयस्कर. त्यांनी तिला जवळ स्टुलावर बसवलं. लहान म्हणून शपथ दिली नाही. शाळा कुठली, बाई कशा आहेत, असं विचारून झाल्यावर म्हणाले, "खोटं बोलणं म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "झालेलं असलं तरी नाही म्हणायचं." साहेबांनी मान हलवली. तिने गादीचं सांगितलं, गॅसवर धरलेल्या उलथन्याचं सांगितलं, बाथरूममध्ये कोंडल्याचंही सांगितलं. ते मला पहिल्यांदाच कळत होतं. मी पदराची गाठ मारत होते आणि सोडत होते.

मग काकूंचे वकील उठले. गोड बोलणारे. "बाळ, हे सगळं तुला आईने पाठ करून घेतलं ना? घरी रोज म्हणून घेते ना आई?"

"नाही."

"मग आईला कसं कळलं?"

"मी सांगितलं होतं."

"भातुकली खेळताना, तेव्हा ना?"

"नाही. आधीच. हाताला दिला ना, तेव्हाच सांगितलं होतं. काकूने दिला म्हणून."

वकिलांचा चेहरा उजळला. "बरं! मग आई काय म्हणाली?"

"म्हणाली, खोटं बोलू नकोस, काकू असं करणार नाहीत. उद्या सॉरी म्हण त्यांना."

खरं होतं. शब्द न् शब्द खरा होता. त्या संध्याकाळी जिन्यातच तिने मला सांगितलं होतं, आणि माझ्या डोक्यात मार्च एंडचं रजिस्टर होतं, आणि उद्या तिला ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ते खोटं असणं मला सोयीचं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडून काकूंना सॉरी म्हणवून घेतलं होतं. माझ्या फाइलीत माझ्या हातचे कितीतरी कागद होते, अर्ज, स्मरणपत्रं, जबाब, आणि त्यातल्या एकाही कागदात मी हे वाक्य लिहिलं नव्हतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, ती विसरली.

"साहेब, नोंद व्हावी," वकील म्हणाले, "आईने शपथेवर नेमकं उलटं सांगितलंय. दोघींतलं कुणीतरी खोटं बोलतंय."

मी उभी राहिले. कोर्टात मधे उठायचं नसतं हे मला माहीत होतं. "मी बोलले खोटं," मी म्हटलं. "ती खरं सांगतेय. तिने सांगितलं होतं मला."

"बाई, बसा खाली. मधे बोलायचं नाही," साहेब म्हणाले. मी बसले. वकीलबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं, ती नजर मला अजून आठवते. गेली केस, मी मनात म्हटलं. तीन वर्षं सगळ्या जगाच्या नावाने बोटं मोडली, सोसायटी, हवालदार, दवाखाना, आणि शेवटी केस घालवली ती मीच.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मुलीकडे वाकून स्वतःच विचारलं, "आई खोटं बोलू नकोस म्हणाली. मग तू काय केलंस?"

तिने पाय हलवले. "मग मी सांगायचं बंद केलं."

साहेब मग टायपिस्टला म्हणाले, "तिच्याच शब्दांत घ्या." खटखट सुरू झाली.

सगळं टाइप झाल्यावर तिला वाचून दाखवलं. तिने प्रत्येक वाक्याला मान हलवली आणि खाली वळणदार अक्षरांत नाव लिहिलं, आडनावासकट.

केस गेली नाही. निकालपत्रात साहेबांनी लिहिलं की मुलीला कुणी पढवलेलं दिसत नाही, कारण पढवणाऱ्या आईने स्वतःच्या विरोधातलं हे वाक्य तिला कधीच शिकवलं नसतं. वकीलबाई म्हणाल्या, "तुमी लपवलं त्यानं नाय, पोरीनं सांगितलं त्यानं केस ऱ्हायली." मला बरंच ऐकवलंही, तेही रास्तच होतं. शिक्षा झाली दंडाची आणि कोर्ट उठेपर्यंत कैदेची. म्हणजे काकू संध्याकाळपर्यंत कोर्टातल्या बाकावर बसल्या आणि घरी गेल्या. तीन वर्षांचे हेलपाटे आणि एक दुपार बाकावर! मी तेव्हाही चिडले, आताही चिडते.

पुढे कळलं, त्यांनी चार सेक्टर पलीकडे नव्याने पाटी लावलीय. तिथेही दारावर ससा. मी निकालाच्या झेरॉक्स काढून एका सकाळी तिथल्या गेटवर उभी राहिले. तीन बायकांनी वाचून पोरं माघारी नेली. चौथी पोराला आत ढकलत म्हणाली, "ताई, संध्याकाळी बघते हं, बस जाईल माझी." तिला काय बोलणार? मी तिच्या पर्समध्ये कागद कोंबला. पुढचा आठवडाभर मी रोज तिथे उभी राहिले, रजा टाकून. ती चौथ्या दिवशी पोराला घेऊन बाहेर पडली. महिन्याभरात पाटी उतरली.

पण मला सांगायचंय ते निकालाच्या दुसऱ्या दिवसाचं. मी ऑफिसातून येऊन कणीक मळायला घेतली होती. मुलगी दप्तर टाकून ओट्यापाशी आली. "आई, आज ना शाळेत..." म्हणाली आणि माझ्या कणकेच्या हातांकडे बघून थांबली. "जाऊ दे."

मी हात धुतले, पुसले आणि खाली फरशीवर तिच्यासमोर मांडी घालून बसले. "सांग."

तिने आधी जरा संशयाने पाहिलं. मग सुरुवात केली. बाकावरच्या मुलीने हिचं खोडरबर घेतलं. म्हणजे आधी मागितलं, हिने नाही म्हटलं, मग तरी घेतलं. परत दिलं तेव्हा ते अर्धंच होतं, पण ती म्हणते पहिल्यापासून अर्धंच होतं. मग ही पुन्हा सोमवारपासून सांगायला लागली, कारण सोमवारी ते अख्खं होतं. गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं, वास आला, मी उठले नाही. इतकी कंटाळवाणी हकिगत मी आवकच्या टेबलावरसुद्धा ऐकली नव्हती.

मधेच ती थांबली. "खरंच झालं हे. तुला खरं वाटतंय ना?"

"वाटतंय," मी म्हटलं. "पुढे?"